वकीलसाहेबांच्या टाळ्या

आमचं नाट्यगृह पाडायला निघालेल्या बिल्डरच्या वतीने वकीलसाहेब उभे राहिले, तेव्हा मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. आमच्या नाटकावरची बंदी याच माणसाने उठवून आणली होती. तालमींना घरचा दिवाणखाना दिला होता, एकही प्रयोग चुकवला नव्हता. त्याच भारदस्त आवाजात ते म्हणाले, "तिथे आता कुणी फिरकत नाही."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "साहेब, असं कसं बोललात?"

"अगं, नाटक माझी आवड आहे. वकिली माझं काम."

माणसाला स्वतःची अशी वाटणी करता येते? मग आपण इतकी वर्षं जीव लावला तो कोणावर?

निकाल त्यांच्या बाजूने लागला. आमच्या शेवटच्या प्रयोगाला ते आले. पडदा पडताना सगळ्यांत आधी त्यांनीच उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला रंगमंचावरून प्रेक्षकांना नमस्कार करायचा होता, पण हात वर येईनात.