नानाची पऱ्हाटी

भूत, झपाटणं, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसणारा माणूस. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, जळगाव-धुळे पट्टा माझ्याकडे. डॉक्टरांच्या भेटी उरकल्या की उरलेल्या वेळात नवे बार शोधायचे आणि फेसबुकच्या आमच्या खवय्यांच्या ग्रुपवर लिहायचं हा माझा नाद. आपल्याकडे क्वार्टर आणि शेंगदाण्याच्या पलीकडे डोकं चालवणारे बार बोटावर मोजण्याइतके, म्हणून असा एखादा सापडला की जीव खूश होतो.

मागच्या वर्षी धुळ्यात हायवेलगत असाच एक नवा बार सापडला. रविवारची दुपार होती, फॅमिली सेक्शनसुद्धा भरलेला. मेन्यू उघडला आणि तिसऱ्या ओळीवर थबकलो... ‘स्मोकी खान्देश. भाजलेलं केळं, लिंबू, गूळ, कपाशीच्या काड्यांचा धूर. आमच्या मालकांची खास निर्मिती.’

खास निर्मिती म्हणे! ते ड्रिंक माझ्या थोरल्या भावाचं. भूषण त्याचं नाव, घरात आम्ही नाना म्हणायचो. नाना पुण्यात बारटेंडर होता. आमचं गाव पारोळ्याजवळ, आणि आई भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर भाजते. तोच धूर त्यानं ग्लासात आणला. काड्या पेटवून विझवायच्या, त्यांवर ग्लास पालथा घालायचा आणि धूर बसेपर्यंत थांबायचं. नाव ठेवलं ‘पऱ्हाटी’. बरोबर काम करणाऱ्या एका मित्राला त्यानं हौसेनं सगळं शिकवलं, आणि त्या मित्रानं एका मोठ्या स्पर्धेत ते स्वतःच्या नावावर खपवून बक्षीस घेतलं. नाना भांडलासुद्धा नाही. गावी परत आला, पुन्हा शेकरला हात लावला नाही. दोन वर्षांनी मोटरसायकलच्या अपघातात गेला.

त्या मित्राला मी कधी भेटलो नव्हतो, पण बक्षीस घेतानाचा फोटो डोक्यात पक्का होता. काउंटरमागे तोच उभा होता, मालक बनून. तो नागपूरचा, धुळ्याला त्याची सासुरवाडी. माझं रक्त खवळलं. ‘पऱ्हाटी’ बनवतानाचा नानाचा जुना व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होता. ठरवलं, तो टेबलावर आला की भरल्या हॉटेलात व्हिडिओ लावायचा आणि त्याची अब्रू काढायची.

ऑर्डर दिली. हे ड्रिंक मालक स्वतः टेबलावर येऊन बनवायचे. आला, गोड हसला. ‘सर, ही माझ्या आजीची आयडिया बरं का.’ मी फोन हातात घेतला. त्यानं काड्या पेटवल्या, विझवल्या, ग्लास पालथा घातला आणि लगेच उचलायला गेला...

हात तिथेच अडला. उचलायचा प्रयत्न करत होता, मनगटाच्या शिरा फुगलेल्या, पण ग्लास हलेना. मग तो बोलला. खड्या आवाजात, शेजारची टेबलं वळून बघतील असं.

‘धूरले बसू दे. घाई नको करू.’

आमची अहिराणी, या नागपूरकराच्या तोंडी! आणि ‘घाई’वरचा तो हेल नानाचाच. त्यानं माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी, चेहरा घाबरलेला, पण तोंड चालूच.

‘हाई मी नई बनाडं. भूषणनी बनाडं. चोरेल शे हाई. काय रे बारक्या, पी ना.’

मला बारक्या म्हणणारा जगात एकच माणूस होता.

ग्लास सुटला. तो मटकन खुर्चीत बसला आणि शुद्ध नागपुरी हिंदीत वेटरला विचारू लागला, ‘मैंने क्या बोला?’ मी व्हिडिओ लावलाच नाही. गरजच उरली नव्हती.

नंतर कळलं, ते ड्रिंक बनवायला घेतलं की दर वेळी त्याच्या तोंडून तेच निघतं. लोक मजा म्हणून मुद्दाम मागवू लागले, तेव्हा त्यानं बनवणंच बंद केलं. शेवटी ‘बारक्या’वरून मी नानाचा भाऊ हे ओळखून, ग्रुपवरून माझा नंबर काढून त्यानं फोन केला. रडत होता. ‘मेन्यूवर त्याचं नाव टाकलंय, माफीची पोस्टही लिहिली. आता तर साधं पाणी दिलं तरी तोंडातून तेच येतं. तुम्ही सख्खे भाऊ, तुमचं ऐकेल तो. सांगा ना त्याला...’

मेंदूच्या डॉक्टरलाही दाखवून झालं त्याचं, काही निघालं नाही. मी स्वतः चार डॉक्टरांना विचारलं, चौघेही माझ्या तोंडावर हसले.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी भरतात तशी नानाच्या नावानं घागर भरली. आईनं चुलीतल्या निखाऱ्यांवर त्याच्यासाठी पुरणपोळीचा घास टाकून आगारी दिली, हात जोडले. तिला मी सगळं सांगितलं होतं. म्हणाली, ‘आते शांत ऱ्हाय रे भाऊ. सोडी दे त्याले.’ मग माझ्याकडे वळली, ‘तू बी सांग.’

मीही निखाऱ्यांवर घास ठेवला, डोळे मिटले आणि आईला ऐकू जाणार नाही असं पुटपुटलो, ‘नको सोडू त्याले, नाना.’