फुलाच्या खटक्याचा कॅमेरा

तिसरीच्या वर्गाचं छत पडलं तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आवाज फार मोठा झाला नाही. कापसाची भरलेली गाडी आडवी व्हावी तसा दबका आवाज आला आणि शाळेवर पांढरा धुराळा उठला. मी सूप टाकून धावले. धावले ती माझ्या सुनीतासाठी, चंद्राक्कासाठी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर गावातला जो तो म्हणू लागला की मी चंद्राक्कासाठी धावले. सगळ्या आया आपापल्या पोरांसाठी धावल्या. फाटकात कोणीतरी ओरडत होतं, "बाई आत हाय, बाई आत हाय!" धुराळ्यात मला माझी मुलगी दिसत नव्हती.

चंद्रभागा माझी शेजारीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून आक्का. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आमच्या गावच्या मराठी शाळेत ती झाडायची, पाणी भरायची आणि घंटा वाजवायची. तिचं शिक्षण तिसरी, माझं चौथी. पण पेपरचा तुकडा हाती आला तर ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि मी त्यात मीठ बांधायची. उंच होती, तंबाखू खायची, आणि कोणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलायची नाही. कोणी काही सांगू लागलं की म्हणायची, "मी झाडते. मले माहीत हाय." तिच्या मते वर्गात कोण रडलं, कोणी डबा खाल्ला नाही, कोणत्या गुरुजींनी बिडी ओढली, हे सगळं केरात कळतं.

पोळ्याच्या सुमारास तिच्या केरात रोज चुरा येऊ लागला. तिसरीच्या वर्गात, तुळई जिथे भिंतीत शिरते त्या कोपऱ्याखाली, चिमूटभर सिमेंटचा चुरा. आज झाडला की उद्या पुन्हा तिथेच. इमारत जुनी म्हणावी तर सहाच वर्षांची. बांधणारा ठेकेदार सरपंचाचा मेहुणा. चंद्राक्कानं मोठ्या गुरुजींना कोपरा दाखवला.

"उंदीर असतील, चंद्रभागाबाई," गुरुजी म्हणाले.

"उंदीर सिमिट खाते काय, गुरुजी? आमच्या घरचे तर भाकरच खाऊन राह्यले."

तिचा भाऊ मंचेरियलला कोळशाच्या खाणीत होता. खाणीत वरचा थर बसायच्या आधी चुरा गळतो, आणि चुरा दिसला की जुना कामगार हातातलं काम टाकून बाहेर पळतो, हे तिनं त्याच्याकडून ऐकलेलं. तिनं बाकावर चढून पाहिलं. तुळईच्या टोकाखालून भिंतीत एक भेग उतरली होती. केसासारखी.

तिनं मंडल ऑफिसात दरखास्त दिली. तिथला क्लार्क म्हणाला, फोटो जोडा, फोटोशिवाय काही होत नाही. म्हणून तिनं स्टुडिओवाल्याला बोलावलं. तो बसनं आला आणि त्याच्याआधी बातमी आली. सरपंच फेटा बांधून हजर, गुरुजी धुतलेल्या शर्टात, पोरं तेल लावून. फोटोवाल्यानं सगळ्यांना त्याच भिंतीपुढे तीन रांगांत उभं केलं. चंद्राक्का ओरडत राहिली, "अरे बापा, माणसं नको, भित पाह्यजे!" फोटोवाला म्हणाला, "बाई, तुम्ही पण या, मागे जागा आहे." फोटो झकास निघाला. भेग होती तिथे सरपंचाचा फेटा होता. क्लार्कनं फोटो हातात धरून विचारलं, "शादी किसकी है?"

त्याच दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "सरू, मी कॅमेरा घेते."

मी हसले. आमच्या गावात तेव्हा रेडिओ चार घरांत होता. तिनं दोन बकऱ्या विकल्या आणि बाजाराच्या दिवशी मला म्हणाली, "तूही चाल माह्यासंग. एकटीले लवकर लुबाडते. दोघींले लुबाडाले त्यायले येळ लागते."

आदिलाबादच्या दुकानात काचेच्या कपाटात चार-सहा कॅमेरे होते. खिशात मावतील असे लहान दोनच. एक चकचकीत, रुपेरी. बटण दाबलं की घूं करून त्याचं नाक पुढे यायचं. दुसरा काळा, साधा, डब्यासारखा. दुकानदारानं रुपेरी पुढे सरकवला.

"अम्मा, ये लेलो. जूम है. दूर का एकदम पास दिखता."

"मेरेको दूर का काहेको? मेरा दुखना हातभर पे है."

"सब लोग यहीच लेते."

"सब लोगों का छत गिर रहा क्या?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी लुगड्याच्या पदराकडे. चंद्राक्कानं काळा डबा हातात घेतला, उलटा-पालटा केला. वर एका लहान खटक्याशेजारी फुलाचं चित्र होतं. हे काय, तिनं विचारलं. तो म्हणाला, फूल-पत्तीचा जवळून फोटो काढायचा असेल तर हा खटका सरकवायचा. कोणी वापरत नाही.

"फुलाचा निघते तं भेगीचा काऊन नाही निघत?" ती मराठीतच म्हणाली. ते त्याला बरोबर कळलं.

कोणतीही शहाणी बाई एवढ्यावर काळा डबा घेऊन निघाली असती. ही नाही. ती म्हणाली, दोन्ही पाहीन, मग एक घेईन. रोल माझ्या पैशाचे, धुवायचा खर्च माझा, कॅमेरे तुमच्याच दुकानात राहू द्या. दुकानदार म्हणाला, असं कोणी करत नाही. ही म्हणाली, "बैल घेते तं एक तास चालवून पाहते का नाही? का शिंगं पाहून आणते?" शेवटी दुकानात बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांनाच मजा वाटली आणि त्यांनी त्याला भरीला घातलं.

दुकानाच्या भिंतीला कॅलेंडराखाली एक चीर होती. चंद्राक्कानं कॅलेंडर काढून दुकानदाराच्या हातात दिलं. मला चिरेशेजारी तळहात टेकवून उभं केलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात लावून अंतर मोजलं. एक हातावरून फोटो, दोन हातांवरून, तीन हातांवरून. रुपेरीनं तीन, काळ्यानं तीन. मग रुपेरीचं नाक पूर्ण पुढे काढून लांबून. मग कॅमेऱ्यातला चमकणारा दिवा पाडून, दिवा न पाडता. मग दिव्यावर पदराचं टोक धरून. सगळ्यांत माझा तळहात. माझा खांदा भरून आला. मी म्हटलं, आक्का, एवढे फोटो तर माझ्या लग्नात निघाले नाहीत. ती म्हणाली, "लग्नात काय पाहाचं होतं?"

आठ दिवसांनी पुन्हा बस. दुकानदारानं दोन पाकिटं काढली. तिनं काचेवर दोन ओळी मांडल्या. रुपेरीच्या एक हाताच्या फोटोत माझा तळहात म्हणजे दुधात पडलेली भाकर. तीन हातांवरचा साफ होता, पण चीर दिसायला डोळे ताणावे लागत. नाक काढून लांबून घेतलेल्यात तिचा हात हलला होता. एका चिरेच्या दोन झाल्या होत्या. काळ्याच्या ओळीत फुलाचा खटका सरकवून, एक हातावरून, पदरातून दिवा पाडून काढलेला फोटो होता. त्यात चिरेच्या कडेचे चुन्याचे कण दिसत होते. माझ्या तळहाताच्या रेषा दिसत होत्या, आणि करंगळीखाली विळ्यानं कापल्याचा तो जुना वणसुद्धा.

दुकानदारानं तो फोटो उचलून उजेडात धरला. म्हणाला, "अम्मा, मैं पंधरा साल से बेच रहा. मेरेको नहीं मालूम था."

"तुमी इकता," ती म्हणाली. "मी घेऊन राह्यली."

त्या दिवसापासून दर पंधरवड्याला, शाळा सुटली की ती बाकावर चढायची. भेग वाढते आहे हे दाखवायचं तर माप हवं. पट्टी धरली तर चकाकते आणि आकडे फोटोत वाचता येत नाहीत. म्हणून तिनं घरातून दाणे नेले. पहिल्या फोटोत भेगेत ज्वारीचा दाणा शिरत नव्हता, तो तिनं बाजूला चिकटवला. दसऱ्याला ज्वारी आत बसली. दिवाळीत तूर बसली. त्यानंतर हरभरा. रेघ न ओढता, अक्षर न लिहिता तिनं भिंतीचं दुखणं मांडलं. कुठल्याही शेतकऱ्यानं एका नजरेत ओळखलं असतं. हेच फोटो पुढे चौकशीत ठेकेदाराच्या गळ्याशी आले, पण ते छत पडल्यानंतर.

तेव्हा काय झालं ते ऐका. तिनं फोटो दरखास्तीला जोडून दिले. ऑफिसात ज्यानं पाहिले त्याला फोटोत ज्वारी दिसली, तूर दिसली, हरभरा दिसला. त्यानं फाइल शेतकीखात्याकडे धाडली. महिन्यानं जीप आली. उतरलेला साहेब शाळेत शिरला आणि विचारू लागला की दाण्यावर कोणता रोग पडला आहे. चंद्राक्कानं त्याला बाकावर चढवलं. तो खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला की हे आमच्या खात्यात येत नाही. जाताना बियाण्याच्या दोन पिशव्या देऊन गेला.

मग तिनं दुसरं काही केलं नाही. वर्गाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"चाबी द्या," गुरुजी म्हणाले.

"कमरेले हाय. काढून घ्या."

गुरुजी भले माणूस, चार पोरींचे बाप. ते मागे सरले. पोरं चिंचेखाली बसू लागली. थंडीचे दिवस होते. पोरं खोकू लागली, पाखरांचं पाटीवर पडू लागलं, आणि गाव चंद्राक्कावर उलटलं. सरपंच म्हणाला, माझ्या मेहुण्याला बदनाम करते, हिला कामावरून काढतो. ती म्हणाली, "काढा. नवीन बाई आणा आन् तिलेच त्या तुळईखाली झाडाले लावा." मीही तिच्या दारात जाऊन भांडले. माझी सुनीता आधीच दम्याची. मी म्हटलं, "आक्का, तुले लेकरू नाही, तुले काय समजते?"

ती तंबाखू मळत राहिली. चिमूट तोंडात टाकून म्हणाली, "नाही ना. म्हणून वर्गातले सव्वीसही मोजून राह्यली. तू एकच मोजते."

मी तशीच तरातरा घरी आले. पंधरा दिवस बोलले नाही तिच्याशी.

वरून एक इंजिनिअर आला. दारातूनच पाहून म्हणाला, अजून दहा वर्षं काही होत नाही. लेखी हुकूम आला: वर्ग उघडा, नाही तर बाई कामावरून बंद. मंगळवारी सकाळी सरपंचाच्या माणसानं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून कुलूप तोडलं. गुरुजींनी पोरांना प्रार्थनेला मैदानात उभं केलं. प्रार्थना झाली की आत बसवायचं ठरलं. चंद्राक्का तिथेच होती. घंटा तिनंच वाजवली. मग कोणाशी न बोलता वर्गात गेली आणि आतून कडी घातली.

हे मला पोरांनी नंतर सांगितलं. गुरुजी दार ठोकत होते, "चंद्रभागाबाई, नोकरी जाईल." आतून ती म्हणाली, "जाऊ द्या. मी आत हाय तवर पोरगं आत येत नाही." सरपंच म्हणाला, दार तोडा. सब्बलवाला पुढे झाला. एक घाव घातला असेल-नसेल, आतून ती एकदम ओरडली, "सरका! चुरा लय येऊन राह्यला, सरका सारे!" तिच्या आवाजात असं काही होतं की सब्बलवाला सब्बल टाकून पळाला. गुरुजी मागच्या मागे पडले. आणि छत आलं.

ती दारापाशी धावली होती म्हणून वाचायची थोडी जागा राहिली. चौकटीवरची पट्टी तेवढी न पडता टिकली होती. बाकी सगळा वर्ग भुईला टेकला होता. बाकं चेपून गेली होती. पुरुषांनी अर्धा तास दगड उपसले. ती दिसली तेव्हा पिठात लोळवल्यासारखी पांढरी होती आणि तिचा डावा पाय तुळईच्या तुकड्याखाली होता. कॅमेरा गळ्यात होता. चेचलेला. सरपंच रडत होता. खरं रडत होता की नाही, मला माहीत नाही.

ती त्याच्याकडे पाहतही नव्हती.

"गुरुजी," ती म्हणाली, "हाजरी घ्या."

"बाई, आधी तुम्हाला काढू द्या."

"आधी हाजरी घ्या. मंग काढा मले."

हजेरीपट सकाळीच वर्गात नेऊन ठेवला होता, म्हणजे गेला होता. गुरुजींनी तोंडपाठ नावं घेतली. अकरावं नाव आठवेना तेव्हा पोरांनीच ओरडून सांगितलं. सुनीताचं नाव आलं. ती चिंचेमागून बाहेर आली, शेंबूड पुसला आणि म्हणाली, "हाजर." मी तिला तिथेच एक चापट मारली, का ते आजही सांगता येत नाही.

सव्वीस नावं झाली. सव्वीस हजर होती. चंद्राक्काला मग बाहेर काढलं. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि ती जगली.