विराजचं बोरन्हाण

बोरी गावच्या राजेश्रीला परभणीच्या कॉलेजात पोरं मानतात. माणूस पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत कसा घडतो, हे ती असं शिकवते की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात. पण ज्ञान फळ्यावर असतं तोवरच गोड. ते घरी आलं आणि राजेश्रीची झोप उडाली.

झालं होतं एवढंच, की तिचा सव्वादोन वर्षांचा विराज मोठ्या जावेच्या, सविताच्या, अंगाखांद्यावर वाढत होता. राजेश्री सकाळच्या एसटीनं जायची ती दिवेलागणीला यायची. सविताला मूलबाळ नव्हतं, चाळिशी लागलेली. तिनं पोराला 'मोठीआई' म्हणायला शिकवलं. त्यातलं 'मोठी' पोरानं टाकून दिलं आणि 'आई' ठेवलं. राजेश्री नुसती मम्मी.

तेव्हापासून राजेश्री जळायची. सविताच्या हातचा वरणभात पोरानं पुन्हा मागितला तरी जळायची. तिच्या पदरात तोंड खुपसून तो झोपला की हिला घास गिळवत नसे. वर्गात ती सांगायची, लेकरू घाबरलं की ज्याच्याकडे धावतं, त्याच्याशी त्याची गाठ पक्की. घरी हे करून बघायचं मात्र तिनं टाळलं. उत्तर माहीत होतं ना! आणि चाळिशीतल्या माणसाला कुणाला तरी वाढवावंसं वाटतं, नाहीतर ते आतून सुकतं, हा भाग आला की, "हे परीक्षेला येत नाही," म्हणून पान उलटायची.

शेवटी तिनं परभणीत खोली बघितली. विराजचं बोरन्हाण उरकलं की पोराला घेऊन तिकडं राहायचं. नवरा योगीराज हो म्हणाला. त्याला भांडणापेक्षा काहीही परवडतं.

बोरन्हाणाला गल्लीतल्या बायका जमल्या. सासूबाई, पार्वतीबाई, हळूच म्हणाल्या, "सविताला सैपाकघरातच राहू दे. लेकराच्या डोक्यावर वांझेचा हात नको."

असल्या समजुतींवर राजेश्री वर्गात आख्खा तास घ्यायची. आज मात्र तिनं मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. तिनं स्वतः जाऊन सांगितलं, "ताई, तुमी तेवढ्या तिळाच्या पोळ्या बघा. लेकराला आज हात नका लावू."

सविता "बरं" म्हणाली.

काळं झबलं आणि हलव्याचा हार घालून विराज पाटावर बसला. समोर राजेश्री, हात पसरून. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे त्याच्या डोक्यावरून ओतले आणि गल्लीतली पोरं ते लुटायला पाटावर तुटून पडली. विराजनं भोकाड पसरलं. तो उठला, पसरलेल्या हातांना वळसा घालून थेट सैपाकघरात धावला.

बायका हसल्या. "मॅडम, तुमचं लेकरू तर तिकडं पळालं की!"

राजेश्रीच्या अंगाची लाही लाही झाली. पोराला ओढूनच आणते म्हणून ती मागे गेली, आणि उंबऱ्यात थांबली.

विराज सविताच्या पायांना मिठी मारून रडत होता. सविताचे पिठाचे दोन्ही हात वर, हवेत. चोरी पकडल्यासारखी ती भिंतीला टेकली होती.

"म्या न्हाई हात लावला गं," ती म्हणाली. "आपल्या आपण आला. लय रडायलाय, घे ना त्याला."

राजेश्रीला स्वतःची लाज वाटली. हेवा मात्र गेला नाही. लाज वाटली की हेवा जातो, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? "तुमीच घ्या त्याला, ताई," ती कशीबशी म्हणाली. "आणि भाईर या. पाटावर तुमी बसा."

पार्वतीबाईंनी तोंड उघडलं, पण राजेश्रीचा चेहरा बघून मिटलं. उरलेली बोरं राजेश्रीनं दोघांच्या डोक्यावरून ओतली. खोलीचं तिनं दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं.

आता संध्याकाळी एसटी बोरीत थांबते तेव्हा सविता विराजला कडेवर घेऊन उभी असते. राजेश्री हात पुढे करते. पोरगं आधी सविताच्या तोंडाकडे बघतं. सविता मान हलवते, आणि मगच ते मम्मीकडे झेप घेतं. तेवढ्या वेळात राजेश्री रोज एकदा जळते, आणि रोज म्हणते, "उद्यापण आणा त्याला, ताई."