सी, रस्ट आणि मिश्राभाभींची वाटी

...तर धनंजयरावांनी त्या कागदावर सही करायला साफ नकार दिला, इथवर काल आलो होतो आपण. लखनौमधल्या जानकीपुरमच्या एका संशोधन संस्थेत औषधांच्या नमुन्यांचे फ्रीझर सांभाळणारा प्रोग्रॅम सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला, सी नावाच्या भाषेत. आता निवृत्तीला महिना उरला, आणि त्यांच्या हाताखालची पूर्वा तोच प्रोग्रॅम रस्ट नावाच्या नव्या भाषेत लिहायला निघालेली. जुना पुसायचा तर मूळ कर्त्याची सही हवी. पोटचं पोर दत्तक द्या म्हणावं, तशी गत.

म्हणून पूर्वा रविवारी घरीच आली. मुलगी सांगलीची, पण वाढली लखनौत. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. धनंजयरावांनी तिला बसवून ऐकवलं, की सी म्हणजे विश्वासाचा कारभार. मेमरीतली जागा उसनी घ्यावी, काम झालं की परत करावी, हिशेब आपल्या डोक्यात. तुझी रस्ट म्हणजे खाष्ट सासू. कुठून आणलंस, कुणाचं आहे, पावलोपावली चौकशी.

"और एक ही चीज़ दो बार लौटा दी तो, काका?"

सीमध्ये तसं झालं की प्रोग्रॅम बिथरतो. रस्ट असला प्रोग्रॅम सुरूच होऊ देत नाही.

"दोनदा परत करायला मी काय खुळा आहे?"

बश्या मांडणाऱ्या त्यांच्या पत्नी अरुणाताई थबकल्या. "मग माझी वाटी मिश्राभाभींकडे कशी?"

झालं होतं असं. शेजारच्या मिश्राभाभींनी खीर पाठवली. धनंजयरावांनी त्यांची वाटी चिवडा भरून पोचती केली. आणि विसरले. दोन दिवसांनी फळीवर एक वाटी दिसली, ती शंकरपाळे घालून पुन्हा नेऊन दिली. तिच्यावर ठळक कोरलेलं, 'सौ. अरुणा'. मिश्राभाभींनी ती ठेवून घेतली. भरल्या वाटीला नको कोण म्हणतं? त्याच रविवारी सकाळी अरुणाताई तिकडे गेल्या, तर त्यांना दही आलं ते त्यांच्याच वाटीत.

पूर्वा ओढणीत तोंड लपवून हसत होती.  धनंजयरावांनी खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले,

"चूक सीची नाही, वाटीची. मी त्यांची नव्हे, इथलीच, हे तिनं सांगायला नको? तुझ्या रस्टमध्ये वाट्या बोलतात ना, मग आण तो कागद."