ओळीखालचं नाव

"बस खाली. मेंढरांत राहून अक्कलपण मेंढरासारखीच झालीय तुझी."

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. जुन्नरचं कॉलेज, बी.ए.चं दुसरं वर्ष, मराठीचा तास. सरांनी चेतनगुणोक्तीचं उदाहरण इचारलं व्हतं. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं दाखवायचं, म्हंजे चेतनगुणोक्ती. मी हात वर केला. म्हणलं, "औंदा माळ रुसलाय."

"ही कुठल्या कवितेतली ओळ?"

"कवितेतली न्हाई सर. माझे वडील, आबा, असं बोलतात."

"अडाणी माणसाच्या बोलण्यात अलंकार नसतो."

तरी मी बसले न्हाई. वर तोंड करून म्हणलं, "आणि सर, माळ निर्जीव न्हाई." इथंच माझं चुकलं. पण आमी धनगर. आणे गावच्या पठारावरनं मेंढरं खाली आणायची येळ आली की आबा माळाला सांगून निघतात, "येतो रं, राग धरू नको." तो ऐकतो का न्हाई, असं घरात कधी कुणी इचारलंच न्हाई. त्यामुळं माळ निर्जीव, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार न्हाई. म्हणून सरांनी माझी अक्कल काढली.

मग मृणाल उठली. पहिल्या बाकावरली, खालच्या बागायतदाराची लेक. गाईडातली ओळ घडाघडा म्हणाली. सर म्हणाले, "शाब्बास!"

मी जळले. खोटं कशाला बोलू? तिच्याकडं तीन गाईडं, रंगीत पेनांनी रेघा मारल्याली. तिला शब्द पटकन सापडायचे, मला नुसता घाम फुटायचा. तिची स्कूटी रोज पंक्चर व्हावी असं वाटायचं. एकदा बी झाली न्हाई, मेली.

जळत जळतच शिकले. तिचीच वही मागून उतरवली. उपमा म्हंजे हे त्याच्यासारखं. रूपक म्हंजे हे तेच. अतिशयोक्ती म्हंजे फुगवून सांगणं. मेंढरांमागं बसून पाठ करत व्हते, तर आई शेजारणीला सांगतीय, "माझी सासू म्हंजे निवडुंग, बाई." मी ताडकन उठले. अगं, हे रूपक! चुलता थंडीत म्हणायचा, "तोंड उघडलं तर शब्द गोठून खाली पडत्यात." ही अतिशयोक्ती. समदं आमच्या घरात व्हतंच की! फक्त त्याची नावं पहिल्या बाकावर व्हती.

पुढं कॉलेजात कवितांची स्पर्धा झाली. मृणालचा पहिला नंबर. सरांनी कविता वर्गात वाचली. पहिलीच ओळ, "यंदा माळ रुसला आहे."

सर म्हणाले, "काय चेतनगुणोक्ती आहे! याला म्हणतात प्रतिभा."

माझ्या अंगाचा भडका उडाला. वर्गात कुणालाच आठवलं न्हाई. का आठवलं, पण बोललं न्हाई, देव जाणे. मी बी गप्प बसले. कारण तवा आमचा वाडा तिच्या बापाच्या रानात बसला व्हता. वाडा म्हंजे मेंढरं. रिकाम्या रानात मुक्कामाला बसवायची. लेंडीचं खत रानाला, दाणे आमाला.

रविवारी ती वाड्यावर आली. आबांच्या तोंडापुढं मोबाईल धरून म्हणाली, "काका, बोला ना अजून काहीतरी. किती छान बोलता तुम्ही!" आबा खुलले. लागले बोलाया. मी मोबाईल हिसकला आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

"कवितेखाली आबांचं नाव लिहिशील?"

"अगं, ही लोकांची भाषा आहे. तिला एकाचं नाव कसं देणार?"

"मग कवितेखाली तुझं कसं काय?"

तिनं माझ्या हातातनं मोबाईल परत घेतला. आबाच बोलले, "बाई, असू दे. आपण त्यांच्या रानात हाय."

सरांनी मेंढरू म्हणलं तवा एवढं लागलं नव्हतं. रानात बसलो म्हणून लेंडी द्यायची, ते ठरल्यालं. बोलणं बी द्यायचं, असं कवा ठरलं व्हतं? ती गेल्यावर मी आबांना इचारलं, "वाडा उठवायला लागला तर उठवायचा का?"

आबा काठीनं माती उकरत बसले. मग म्हणाले, "उठवू. रान काय एकच हाय व्हय?"

सोमवारी सरांच्या खोलीत गेले. कॉलेजचा अंक छापायला जायचा व्हता. म्हणलं, "ती ओळ आबांची हाय. खाली त्यांचं नाव टाका."

सर हसले. "मत्सर बरा नव्हे, मुली."

"हाय मत्सर, सर. तिच्या गाईडांचा हाय, स्कूटीचा हाय, तुमच्या शाब्बासकीचा हाय. लई हाय. तरी ओळ आबांचीच."

"जा, अभ्यास कर."

अंक काल हातात आला. आबांचं नाव न्हाई. परवा गॅदरिंग हाय, मृणाल तीच कविता वाचणार. तिचं झालं की मी स्टेजवर जाणार आणि माझ्या बापाचं नाव, आडनाव, गाव, समदं सांगणार. माईक बंद केला तर बिनमाईकचं सांगणार. मेंढरं वळवून वळवून आवाज कमावलाय मी.