गाळलेली दोन पानं

सून घरी बसून लिहिण्याचं आणि मुद्रितं तपासण्याचं काम करायची. मुद्रितं म्हणजे पुस्तक पक्कं छापण्याआधीची पानं. पुण्याचे प्रकाशक कुरिअरने गठ्ठे पाठवायचे. मूळ मजकूर एकीनं मोठ्यानं वाचायचा आणि दुसरीनं पेन्सिल घेऊन छापलेल्या पानाशी ताडून बघायचा, अशी पद्धत. आधी ती दोन्ही कामं एकटीच करायची. मग मान धरायला लागली तेव्हा मला म्हणाली, "आत्या, तुम्ही वाचाल का?" आमच्या बेळगावकडे सून सासूला आत्या म्हणते.

मी चौथी शिकलेली, तीही खेड्यातल्या मराठी शाळेत. तिथले मास्तर म्हणायचे, "वाचतेस की सामानाची यादी सांगतेस?" सुनेला नेमकं तेच हवं होतं. ती म्हणाली, "भाव घालू नका. भाव घातला की माझं लक्ष गोष्टीत जातं आणि चूक निसटते. विरामचिन्हंसुद्धा म्हणा." मग मी सगळं म्हणायला लागले. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद. पुढे पुढे स्वल्पविरामाचं आम्ही नुसतं स्वल्प केलं. शेजारची कानडी बाई एकदा दारात येऊन विचारून गेली, "अज्जी, दिवसभर स्वल्प स्वल्प करता, थोडं थोडं काय मागता हो सुनेकडे?" कानडीत स्वल्प म्हणजे थोडं. धाकटा पोट धरून हसला होता. धाकटा म्हणजे माझा मुलगा, तिचा नवरा. आम्ही तिघं बंगळुरात जे. पी. नगरमध्ये राहायचो. थोरला त्याच्या बायकोमुलांबरोबर मारतहळ्ळीला.

घरून काम करणारी बाई रिकामीच आहे असं सगळे धरून चालतात. मजल्यावरच्या सगळ्यांची पार्सलं आमच्याकडे. गॅसवाला येणार म्हणून किल्ल्या आमच्याकडे. कुणाचं पोर शाळेतून लवकर आलं तर तेही आमच्याकडे. ती पेन्सिल कानामागे लावून दार उघडायची. मी एकदा म्हटलं, पाटी लाव दाराला. ती म्हणाली, "लावली तर पाटी का लावली हे विचारायला येतील."

पुस्तकांखेरीज ती स्मरणपुस्तिका लिहायची. बंगळुरात आपली माणसं विखुरलेली. वर्षश्राद्धाला सगळे एकत्र येतात तेव्हा गेलेल्या माणसाची छोटी पुस्तिका वाटायची, अशी पद्धत इथल्या बऱ्याच मराठी घरांत पडली आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, दोन-चार आठवणी, फोटो. घरचे लोक फोनवर सांगायचे, ती ऐकून लिहायची. प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं असे, अल्पशा आजाराने निधन झाले. मी ते किती वेळा वाचलं असेल. त्याचा कधी विचार केला नाही. पुढे पूर्णविराम म्हटला आणि पुढचं पान घेतलं.

मग धाकट्याची मूत्रपिंडं गेली.

एक दिवसाआड डायलिसिस. सकाळी रिक्षानं न्यायचं, दुपारी आणायचं. नेणारी तीच, आणणारी तीच. इस्पितळात त्याच्या खाटेशेजारी बसून मांडीवर मुद्रितं घेऊन काम करायची. मला तिथं बसवत नसे, पाय सुजायचे. जो येईल तो म्हणायचा, बरं झालं बाई, हिचं काम घरून आहे. नशीबच म्हणायचं. जणू काम आपोआप व्हायचं आणि नवरा आपोआप सांभाळला जायचा. दोन वर्षं हे चाललं. थोरला दर रविवारी यायचा. फळं आणायचा. धाकट्याला बहुतेक फळं वर्ज्य होती, ती आम्ही खायचो.

त्याला पाणी मोजून द्यावं लागे. ते काम सुनेचं. मी दिलं असतं तर जास्त दिलं असतं, म्हणून तिनं माझ्याकडे ठेवलंच नाही. तहानेनं तो वेडा व्हायचा. एकदा पेला फेकला, तिच्या भुवईला लागला. ती म्हणाली कपाटाचं दार लागलं. मी समोरच बसले होते.

तो गेला तेव्हा ती रडली, मीही रडले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वर्ष भरत आलं तेव्हा थोरला म्हणाला, "पुस्तिका काढू या. तीच लिहील, घरीच तर असते." खर्च तो करणार होता. सून म्हणाली, "लिहिते." दुसऱ्यांचं लिहायला तिला तीन-चार दिवस लागायचे. हे लिहायला महिना लागला. दार लावून लिहायची. पूर्वी कधी दार लावलेलं नव्हतं.

तिनं लिहिलेलं मी वाचलं ते मनातल्या मनात, बैठकीत बसून. शाळा, कॉलेज, कारखान्यातली नोकरी, माणसं जोडण्याचा स्वभाव, हे सगळं रीतीप्रमाणे होतं. आणि शेवटी, आभारांच्या आधी, दोन पानं आजारपणाची होती. पाण्याचं लिहिलं होतं. पेल्याचं लिहिलं होतं, दोन ओळींत, राग न धरता. अंगाला खाज सुटायची तेव्हा ती फणीनं पाठ खाजवायची, ते होतं. तो इस्पितळात तिच्या हातातली मुद्रितं बघायचा आणि सालांच्या चुका काढून दाखवायचा, त्याचा त्याला केवढा आनंद व्हायचा, ते होतं. शेवटच्या महिन्यात त्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता. तो आई अशी हाक मारायचा. हाक तिला आहे की मला, हे आम्हाला कळत नसे, म्हणून दोघीही उठायचो. तेही होतं.

मी तिला म्हटलं, "हे राहू दे. यातलं काही काढू नको."

ती म्हणाली, "भाऊजी काय म्हणतात बघू."

भाऊजी रविवारी आले. तिनं पाठवलेले कागद लाल रेघा मारून आणले होते. ती दोन पानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडली होती आणि समासात लिहिलं होतं, अल्पशा आजाराने.

सून आत चहा टाकत होती. मी त्याला विचारलं, "यात खोटं काय आहे?"

"खोटं कोण म्हणतंय आई. पण शंभर माणसं येणार. वाचतील ना."

"वाचायलाच छापतोस ना?"

"तसं नव्हे गं. पेला फेकला, बायकोला लागला. हे काय लिहायचं असतं? तो असा नव्हता."

"शेवटी असाच होता."

"मला तो तसा लक्षात ठेवायचा नाही."

"तुझ्या लक्षात कसा राहील? तू होतास कुठं?"

"मी येत होतो की दर रविवारी."

"येत होतास. चहा घेऊन जात होतास."

त्याचे डोळे भरले होते, ते मला दिसलं. पण मी बोलले ते बोलले. दोन वर्षं एका बाईनं उपसली, ती अल्पशा कशी होतील? त्या पुस्तिकेत बाकी सगळ्यांचे आभार होते. डॉक्टरांचे, कारखान्यातल्या मित्रांचे, सोसायटीचे. तिच्याबद्दल एक ओळ, त्यांच्या पश्चात आई, पत्नी, भाऊ असा परिवार आहे. त्यात ती माझ्या आणि थोरल्याच्या मध्ये एका शब्दापुरती.

सून चहा घेऊन आली. तिनं ऐकलं होतं. म्हणाली, "आत्या, पुरे. भाऊजी, काढते मी ती पानं. बाकी ठीक आहे ना?"

"तू रागावलीस का?"

"नाही. पण पुस्तिकेची पानं चाराच्या हिशेबात लागतात. दोन गेली की दोन कोरी राहतील. तिथं काय घालू ते सांगा."

कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलते तशी बोलली. त्याला वाटलं, मिटलं. तो म्हणाला, फोटो घालू. एक कारखान्यातल्या सत्काराचा, एक उटीचा. त्यानं फोनवर तिथल्या तिथं दाखवले. उटीच्या फोटोत धाकटा टोपी घालून घोड्यावर बसलेला. घोड्याचा लगाम धरलेला हात सुनेचा होता, पण ती चौकटीच्या बाहेर होती. थोरल्याला ते माहीत नव्हतं. तिनं सांगितलंही नाही.

छपाई चिकपेटच्या बाजूला एकाकडे दिली होती. त्याला मराठी येत नव्हतं, अक्षरं बघून लावायचा. त्याच्याकडून मुद्रितं आली तशी ती म्हणाली, "आत्या, बसू या का?" मला वाटलं होतं हे ती एकटीच करेल. पण काम म्हणजे काम. ती पेन्सिल घेऊन टेबलाशी बसली आणि मी मूळ कागद घेऊन समोर बसले. लाल रेघांचेच कागद.

मी वाचायला लागले. माझ्या मुलाचा जन्म वाचला, स्वल्प, त्याची शाळा वाचली, पूर्णविराम. आवाज हलला नाही. भाव न घालता वाचायची सवय त्या दिवशी उपयोगी पडली. एका ठिकाणी छापणाऱ्यानं आख्खी ओळ गाळली होती, ती तिनं धरली. मग खोडलेली पानं आली. मी थांबले नाही. रेघांखालची अक्षरं दिसत होती.

ती म्हणाली, "आत्या, ते गेलंय. ते यात नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि वाचत राहिले.

पाणी मोजून दिलं ते वाचलं. पेला वाचला. फणी वाचली. सगळी विरामचिन्हं म्हटली. तिनं पेन्सिल खाली ठेवली होती. माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. ऐकत होती. आई ही हाक आली तिथं अवतरण सुरू म्हटलं, शब्द म्हटला, अवतरण बंद म्हटलं. दोन्ही पानं संपली. लिहिणाऱ्या बाईला आपलं लिहिणं दुसऱ्याच्या तोंडून एकदा ऐकायला मिळावं, एवढं तरी व्हावं असं मला वाटलं. त्याहून जास्त मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

तिनं पेन्सिल उचलली आणि म्हणाली, "हं. पुढचं घ्या."

पुढे आभार होते. ते वाचले.

वर्षश्राद्धाला हॉल भरला होता. जेवण चांगलं होतं. पुस्तिका सगळ्यांच्या हातात. लोक उटीचा फोटो बघून हळहळत होते, किती हसरा होता म्हणत होते. तो हसरा होताच, ते काही खोटं नाही. थोरल्याची चुलत सासू सुनेचा हात धरून म्हणाली, "छान लिहिलंस हो. आजारपण फार नव्हतं ना? निदान हाल तरी झाले नाहीत." सून हो म्हणाली. त्या बाईचा दोष नाही. तिनं छापलेलं वाचलं होतं.

त्यानंतर पुण्याच्या एका प्रकाशकानं तिला कचेरीत नोकरीला बोलावलं. पूर्वीही बोलावलं होतं, तेव्हा ती नाही म्हणाली होती. या वेळी हो म्हणाली. मला सांगितलं तेव्हा भाजी निवडत होती.

"इथं बसून मला काम होत नाही आता, आत्या. खुर्चीत बसलं की मुद्रितांचं आणि आजारपणाचं, दोन्ही कामं एकदम आठवतात."

मी थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार होते? माझ्यासाठी थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती, हे मला माहीत होतं. म्हणून म्हटलं नाही. तिनं मला बरोबर चला म्हणून विचारलं. तेही मनापासून विचारलं. पण एका खोलीत तिनं नव्यानं सुरुवात करायची आणि मी त्याच्या चेहऱ्याची तिथं बसून राहायचं, हे बरोबर नव्हे. धाकटा माझ्या तोंडावळ्याचा होता.

घर रिकामं केलं. मी मारतहळ्ळीला थोरल्याकडे आले. इथं सगळे कानाला यंत्र लावून आपापल्या खोलीत बोलत असतात. सगळेच घरून काम करतात आता, आणि त्यांची दारं लावलेली असतात. त्यांना कुणी पार्सल घ्या म्हणत नाही. जेवायला वेळेवर मिळतं. तक्रार नाही.

मागच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर थोरला माझ्याजवळ येऊन बसला. पूर्वी रविवारी तो तिकडे यायचा, ती सवय अजून अंगात असावी. म्हणाला, "आई, शेवटी शेवटी तो काय बोलायचा गं? माझं नाव काढायचा का?"

"तिनं लिहिलं होतं सगळं," मी म्हटलं.

"ते मी नीट वाचलं नव्हतं. पेल्याचं आलं आणि मी रेघ मारली. पुढचं वाचलंच नाही."

मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, वाचून मारली.

"तुझ्याकडे आहेत का ते कागद?"

"नाहीत. तिचे होते, ती घेऊन गेली."

"तू सांग ना. तू तर वाचलंयस."

मी विचार केला. सांगता आलं असतं. शब्दन् शब्द नाही, तरी बरंचसं. पण ते माझं नव्हतं. मी फक्त वाचलं होतं.

"तिला फोन कर आणि माग," मी म्हटलं.

तो हो म्हणाला. फोन हातात घेऊन बसला थोडा वेळ, मग चार्जिंगला लावून आला. अजून त्यानं फोन केलेला नाही. मी रोज विचारत नाही.