निकालाआधी पाडलेली भोकं

विधानसभेचे सुतार तात्या यांना राजकारणातलं ओ की ठो कळत नसे, पण सरकार कुणाचं येणार हे आपल्याला सगळ्यांच्या आधी कळतं, असा त्यांचा ठाम समज होता.

सभागृहात बाकं दोन बाजूंना मांडलेली आणि मधून चालायची वाट. ज्या पक्षाचे आमदार जास्त, त्याच्या बाजूला बाकं जास्त. त्यामुळे दर निवडणुकीनंतर ती वाट सरकायची. बाकं लाकडी जमिनीला स्क्रूने आवळलेली असल्याने नवी भोकं पाडायची, जुनी बुजवायची, हे काम एकतीस वर्षं तात्यांकडे होतं. गेल्या चारही वेळा त्यांनी निकालाची वाट न बघता अंदाजानेच भोकं पाडली आणि अंदाज बरोबर निघाला. मग डोक्यात हवा जाणारच.

ही त्यांची शेवटची निवडणूक होती. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या लेकीने त्या जागेसाठी अर्ज केला होता. सचिवसाहेबांना शंका होती की रोजंदारीवरच्या मुलीला एवढी जबाबदारी झेपेल का. सभागृह कसं तयार होतंय ते बघू आणि मग ठरवू, असं त्यांनी सांगितलं होतं.

"तात्या, मतं तरी मोजून होऊ द्या," लेक म्हणाली होती. तात्यांनी सत्तेतल्या जुन्या पक्षाला ऐंशीपैकी सेहेचाळीस जागा देऊन टाकल्या आणि ड्रिल हातात घेतलं.

निकाल लागला. जुना पक्ष चाळीस, नवा पक्ष चाळीस. बहुमत कुणालाच नाही, आणि वाट बरोबर मधोमध. जास्तीच्या सहा बाकांसाठी, बाकाला आठ अशी पाडलेली तात्यांची अठ्ठेचाळीस भोकं आता वाटेच्या कडेला उघडी पडली होती आणि पहिली बैठक दोन दिवसांवर आली होती. तात्यांचं तोंड एवढंसं झालं.

लेक एका शब्दानेही टोचून बोलली नाही. भोकांत नुसती लांबीची पुट्टी भरली तर पॉलिशखालून डाग दिसणार, म्हणून ती गोदामात गेली आणि त्याच जमिनीची उरलेली जुनी फळी शोधून आणली. तिच्यातून तिने एकेक खुंटी कातली आणि लाकडाच्या रेषा जुळवून ठोकली. तात्या शेजारी बसून पॉलिशपेपर घासत होते. ही पोरगी आपल्या पुढे गेली, हे त्यांना तिथे कळलं.

बैठकीच्या सकाळी सचिवसाहेब वाटेवरून सावकाश चालत गेले. दोन्हीकडची बाकं इतकी समोरासमोर आली होती की आता एकमेकांशी बोलल्याशिवाय कुणाचं भागणार नव्हतं. साहेब खूश झाले. तात्यांचा हात अजून तसाच चालतो, पण त्यांच्या मागे हे कोण करणार, असं ते म्हणाले.

नुसती मान हलवली असती तर एकतीस वर्षांची सेवा बिनडाग संपली असती. तात्या गुडघ्यावर बसले.

"साहेब, इथे अठ्ठेचाळीस भोकं आहेत. निकालाआधीच पाडली, मी. बुजवली हिने."

साहेबांनी वाकून बघितलं. "कुठे आहेत?"

तात्यांनी बोट फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं. त्यांना स्वतःची भोकं सापडेनात. शेवटी लेकीनेच खाली बसून एकेक दाखवलं. साहेब बराच वेळ जमिनीवर हात फिरवत राहिले.

तात्यांना नोकरीतली पहिली आणि शेवटची लेखी समज मिळाली. तीत लिहिलं होतं की अठ्ठेचाळीस चुकीची भोकं सुताराने पाडली आणि ती सभागृहाच्या नव्या सुतार यांनी दिसेनाशी केली. तात्यांनी तो कागद घरी दर्शनी भिंतीवर लावला. चौकट लेकीने केली, कागदाचं माप घेतल्यावर.